चुटकीने गर्दी हटत नाही

अद्भुताची आवड हे बालिशपणाचे लक्षण आहे, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ठाण्यातला एखादा प्रौढ शिक्षक किंवा डोंबिवलीतला एखादा कारकून मुलाला घेऊन महानायकांचा चित्रपट पाहून आला आणि तो आपल्यालाही आवडला असे त्याने कबूल केले, तर सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. या स्मिताला फारसा आधार नाही. भारतीय चित्रपटाचे बालपणच अद्भुताच्या अंगणात गेले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला आणि पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत आपले सारे तांत्रिक कौशल्य चमत्कार दाखविण्यासाठी पणाला लावले. कालियाशी झुंजणारा तो बालकृष्ण म्हणजे फाळके यांची कन्या मंदाकिनी होती. तेव्हा अद्भुत पाहावे की न पाहावे, हा वाद निकालात निघालेला आहे. ते पाहून प्रेक्षक घरी काय घेऊन जातो, हा प्रश्न मात्र शिल्लक उरतो.

या दृष्टीने ‘ॲव्हेंजर्स’ मालिकेतील २०१८ व २०१९ चे दोन चित्रपट विचार करण्यासारखे आहेत. त्यांतील खलनायक थानोस हा लोभी किंवा सूडबुद्धीचा नाही. विश्वातील साधने अपुरी आहेत आणि खाणारी तोंडे फार झाली आहेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. म्हणून तो चुटकी वाजवितो आणि अर्धी जीवसृष्टी धूळ होऊन नाहीशी होते. श्रीमंत-गरीब असा भेद तो करीत नाही. त्याच्या मते हाच खरा न्याय. हे पाहताना इतर प्रेक्षक हादरले असतील. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला हा विचार ओळखीचा वाटला असेल, तर नवल नाही. सकाळी फलाटावर तीन गाड्या सोडून चौथीत कसाबसा पाय ठेवणाऱ्या माणसाच्या मनात ‘यातले निम्मे लोक नसते तर’ हा विचार कधी ना कधी येऊन गेलेला असतो. त्या निम्म्यांत आपण स्वतःही असू शकतो, एवढेच तो विसरतो.

हा विचार नवा नाही. अन्नाच्या मानाने माणसे भराभर वाढतात, असा सिद्धांत माल्थस याने १७९८ मध्ये मांडला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात तो प्राध्यापक झाला. हिंदुस्थानात कारभार करण्यासाठी येणारे तरुण तेथे शिकत असत. माणसांकडे आकडे म्हणून पाहण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली, की दुष्काळातील मृत्यूही निसर्गनियम वाटू लागतात, हे १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनने अनुभवले. थानोस परग्रहावरचा असला, तरी त्याची विचारसरणी या पृथ्वीवरचीच आहे.

तिचे स्थानिक रूप लोकलच्या दारात दिसते. मुंबईहून ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांवर आणि ठाणे शहरात १८ लाखांवर माणसे होती. परवडणारे घर येथे आणि नोकरी मुंबईत, या हिशेबाने ही शहरे वाढली. गाड्या, रूळ आणि पूल त्या वेगाने वाढले नाहीत. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका सुरू व्हायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. पण आत उभा असलेला प्रवासी या विलंबाचा जाब कोणाला विचारत नाही. तो दिव्याला चढू पाहणाऱ्याला ‘मागची गाडी पकडा’ म्हणतो. डोंबिवलीकराला कल्याणकर जास्तीचा वाटतो, आणि ठाणेकराला दोघेही.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर, दोन खचाखच भरलेल्या गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. ज्यांना गर्दी म्हणून मोजले जात होते, ते कोणाचे तरी मुलगे होते. त्यानंतर लोकलना आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याची घोषणा रेल्वेने केली. ते आवश्यकच आहेत. परंतु दरवाजा मिटला म्हणजे बाहेर राहिलेल्या माणसाला कामावर जायचे नसते, असे नाही.

२०१९ च्या चित्रपटाची थोरवी त्यातील युद्धात नाही. त्यात एक बाप नाहीशा झालेल्यांच्या स्मारकशिळांवर आपल्या मुलीचे नाव शोधत वेड्यासारखा धावतो. एवढ्या एका प्रसंगाने थानोसचे सारे गणित खोटे ठरते. कोणीही माणूस जास्तीचा नसतो. चित्रपटगृहात या वेळी डोळे पुसणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी फलाटावर हीच गोष्ट आठवायला हवी होती.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. महानायकांचे चित्रपट प्रेक्षकाला तारणहाराची वाट पाहायला शिकवितात, मग त्यांच्याकडून नागरिकत्वाचा धडा कसा मिळणार? या आक्षेपात तथ्य आहे. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेल्यावर पादचारी पूल बांधण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले; त्यांतला एक पूल कल्याणजवळच्या आंबिवलीला उभा राहिला. काम उत्तम झाले, यात शंका नाही. पण साध्या पुलासाठी महानायक बोलवावा लागणे, ही समाजाची शक्ती नव्हे, कारभाराची कबुली आहे.

तथापि या प्रकारातील चांगले चित्रपट तारणहाराच्या मर्यादाही दाखवितात. ‘मिस्टर इंडिया’चा (१९८७) नायक लाल प्रकाशात दिसू लागतो, आणि त्याची खरी काळजी घरभाडे व मुलांच्या पोटाची असते. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधील आगगाडीचा प्रसंग तर लोकलच्या प्रवाशाने मुद्दाम पाहावा. बेभान सुटलेली गाडी नायक आपल्या जाळ्यांनी थांबवितो आणि बेशुद्ध पडतो. प्रवासी त्याला आत ओढून घेतात, हातांवर झेलत मागे नेतात आणि अलगद खाली ठेवतात. मुखवटा गेलेला असतो. समोर दिसतो तो एक कोवळा पोरगा. खलनायक त्याला न्यायला येतो, तेव्हा तीच सामान्य माणसे आडवी उभी राहतात. त्यांचा पाडाव क्षणात होतो, हे खरे. पण त्या डब्यात त्या घटकेला गर्दी उरलेली नसते, माणसे असतात.

मध्य रेल्वेच्या प्रवाशाला हा प्रसंग परका नाही. भोवळ आलेल्याला बसायला जागा करून देणारे, अनोळखी माणसाची पिशवी हातोहात फळीवर पोचविणारे, पुरात अडकलेल्या गाडीत बिस्किटे वाटून खाणारे हात याच डब्यांत आहेत. दार अडविणारे हातही हेच असतात. हे हात एकत्र येऊन गाड्या, मार्गिका आणि घराजवळ रोजगार मागू लागले, तर त्यांना टाळणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही. ज्याला गर्दी म्हणायचे त्यात आपणही आहोत, हे ज्याला कळले त्याने तिकिटाचे पैसे वसूल केले. चुटकी वाजवून अर्धी माणसे नाहीशी करणे पडद्यावरही अखेर अंगलट येते. मुंब्र्याच्या वळणावर तर त्याची किंमत खऱ्या घरांना मोजावी लागली आहे.