अंड्यावरची काटकसर

शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी राज्य सरकार यापुढे पैसे देणार नाही. हवे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून निधी उभा करावा, असे जानेवारी २०२५ अखेरच्या शासन निर्णयाने ठरवून टाकले. भोरच्या हिर्डस मावळात आणि आता राजगड झालेल्या वेल्हे तालुक्यात हा लोकसहभाग कोण देणार? पोटासाठी वीटभट्टीवर गेलेले कातकरी आईबाप?

प्रश्न शाळेपुरता नाही. कुपोषणाने मुलाची उंची खुंटते ती शाळेत नाव घालण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांत. अठराच्या आत लग्न, अंगात रक्त नाही, दिवस भरत आले तरी भातलावणी आणि डोक्यावर हंडा. बाळंतपणानंतर ती पुन्हा कामावर. मूल आजीजवळ, पातळ पेजेवर. त्यात अशुद्ध पाण्याने जुलाब लागले की खाल्लेलेही अंगी लागत नाही. पानशेत, वरसगाव, भाटघर धरणांसाठी याच तालुक्यांनी भातखाचरे दिली; पाणी पुण्याला आणि खालच्या उसाला गेले.

खुंटलेले मूल डोळ्यांवरही येत नाही. अंगणवाडीतल्या तीव्र (सॅम) आणि मध्यम (मॅम) कुपोषित मुलांच्या यादीत वजन उंचीच्या मानाने पाहतात. उंचीही कमी, वजनही कमी, म्हणजे मूल 'साधारण'! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली पाच वर्षांखालची खुंटलेली मुले २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. २०१५-१६ च्या आधीच्या दहा वर्षांत हाच आकडा ४६.३ वरून खाली आला होता. म्हणजे हे काम जमते. ते सोडून दिले गेले.

गरोदर बाईला एक वेळचे चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी देणारी अमृत आहार योजना याच सरकारची आहे. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती, आणि पुणे जिल्ह्यात ते क्षेत्र आंबेगाव-जुन्नरकडे. भोर-राजगडचे कातकरी आणि महादेव कोळी त्याच जमातींचे, तितकेच गरीब, तरी रेषेबाहेरचे. नकाशावरची रेघ पाहून भूक लागत नाही, हे मंत्रालयात कुणीतरी सांगायला हवे.

तालुक्याचे नाव बदलायला सरकारला वेळ मिळाला. आता येत्या अर्थसंकल्पात अमृत आहार भोर-राजगडच्या प्रत्येक अंगणवाडीत पोहोचवावा आणि शाळेतल्या अंड्याचे पैसे परत सुरू करावेत. या दोन्ही तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी सभागृह अडवून धरले तरी आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू.