कोरडे बंदर आणि कोरडीच रयत

जालन्याजवळ जवसगावच्या शिवारात कोरडे बंदर व्हावयाचे म्हणून 2015 च्या डिसेंबरात पाया घातला गेला. मालाची लोखंडी पेटी येथेच भरावी, जकातीची तपासणी येथेच होऊन मोहोर लागावी आणि ती रेल्वेने थेट न्हावाशेवास जावी, अशी ही योजना. जालन्यास सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांचा धंदा आहे, मोसंबीचा बाजार आहे. तेव्हा जागा चुकली असे कोणी म्हणणार नाही. आमचाही विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, की या बंदरात आमचा किनवटचा शेतकरी कोणत्या दाराने शिरणार?

रूळ तर आहेत. किनवटहून मुदखेड, नांदेड, परभणी करीत गाडी जालन्यास जाते. पण माल रुळावर चढण्यापूर्वीच धन्याच्या हातून गेलेला असतो. आमचा गोंड, कोलाम, आंध, बंजारा शेतकरी सोयाबीनची रास होते न होते तोच ती बाजारात नेतो. कारण खतबियाण्याची उधारी दारात उभी असते. तेथे ओलाव्याच्या नावाने भाव कापला जातो. कापूस गावातच काट्यावर जातो, नाहीतर आदिलाबादेस. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे 34 किलो, बाकी बहुतेक सरकी. परदेशी जाते ती रुईची गाठ. आणि गाठ बांधली जाते तेव्हा शेतकऱ्याचे नाव त्या मालावर उरलेलेच नसते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच!

यास कायदे नाहीत काय? आहेत. निजामाच्या राज्यात 1930 साली बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा आला. किनवट तालुका 1956 साली आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडात आला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तराजूची दांडी जाऊन विजेचा काटा आला. काट्यावरचा हात मात्र अजून शेतकऱ्याचा नव्हे.

उपायही अजब नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर गोदामात ठेवावी, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यावे आणि भाव चढेपर्यंत थांबावे. थांबता येणे हीच व्यापाऱ्याची खरी दौलत. ती शेतकऱ्यास मिळाली म्हणजे अर्धी लूट आपोआप बंद होईल. पण त्यास गावाजवळ गोदाम हवे, ओलावा मोजण्याचे यंत्र शेतकऱ्यादेखत चालावयास हवे, आणि गोदामाची पावती वाचता यावयास हवी. महात्मा जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो याच अडाणीपणाच्या पाठीवर उगारला होता. आज आमची मुले शाळेत जातात. मग बापाची काटापट्टी त्यांनी का वाचू नये?

बाजार समितीत शेतकऱ्यास थेट मत 2017 साली दिले, 2020 साली काढले, 2022 साली पुन्हा द्यावयाचे ठरविले. मंत्रिमंडळागणिक येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूस हक्क म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात. ज्याचा माल, त्याचे मत, हे कायम झाले पाहिजे.

म्हणून सरकारास आमचे सांगणे, की जालन्यास बंदर बांधा, पण त्याची पहिली पायरी किनवटच्या गोदामाची असू द्या. आणि बंधूंनो, तुम्हांसही सांगणे आहे. पाच-पंचवीस घरे मिळून माल एका ठिकाणी करा, आपल्यातला एक शिकलेला पोरगा काट्याजवळ उभा करा, आणि पट्टी वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका. एवढे केले नाही, तर बंदर कितीही मोठे होवो, आपण जन्मभर त्याच्या दाराबाहेरचे हमालच राहू.