‘ऑटो’वर खूण करण्यापूर्वी

विनाअनुदानित शाळांतले आमचे बरेच शिक्षक आता स्वतःहून एनपीएसचं खातं काढू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. संस्था पेन्शन देणार नाही, मुलं नोकरीसाठी कुठे जातील सांगता येत नाही, आणि साठीनंतरही औषधं, गॅस, लाइटबिल हे दर महिन्याला यायचंच. खातं उघडताना फॉर्मवर विचारतात, पैसे कुठे गुंतवायचे हे तुम्ही ठरवणार की ‘ऑटो’? पुष्कळ जण ‘ऑटो’वर खूण करून मोकळे होतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, “व्याजाबिजाच्या भानगडीत आपल्याला पडायचं नाही. त्यांचं ते बघून घेतील.”

ते काय बघतात, हे एकदा पाहू या. ‘ऑटो’मधला नेहमीचा प्रकार एलसी-50. त्यात वयाच्या 35 पर्यंत निम्मा पैसा शेअर्समध्ये असतो. पुढे दरवर्षी 2 टक्क्यांनी तो घटत जातो आणि 55 व्या वर्षी 10 टक्क्यांवर येतो. तेव्हा 80 टक्के पैसा सरकारी रोख्यांत आणि 10 टक्के कंपन्यांच्या रोख्यांत असतो. रोखा म्हणजे सरळ भाषेत व्याजाने दिलेलं कर्ज. व्याजाचा विषय नको म्हणून ज्यांनी डोळे मिटून खूण केली, त्यांचाच पैसा निवृत्तीच्या तोंडावर दहातले नऊ हिस्से व्याजाच्या कागदांत जाऊन बसतो.

आता दीनचा मसला. पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या प्रॉव्हिडंट फंडाबद्दल अनेक उलेमांनी सवलतीचं मत दिलेलं आहे. ती रक्कम नोकराच्या हातात आलेलीच नसते, म्हणून तिच्यावरची वाढ सूद धरली जात नाही, असा त्यामागचा विचार. पण आपल्या मर्जीने भरलेल्या पैशाला हा आधार लागू करायला तेच उलेमा कचरतात, आणि खाजगीत काढलेलं एनपीएस खातं तर पूर्णपणे मर्जीचं. सरकारी नियमांत हा विचार कधी झालाच नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या 1960 च्या जनरल प्रॉव्हिडंट फंड नियमांत, मुस्लिम सभासदाने तसं कळवलं तर त्याच्या खात्यात व्याज जमा करू नये, अशी तरतूद आहे. एनपीएसच्या फॉर्मवर अशी चौकट नाही.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. रोखे नकोत, सगळं शेअर्समध्ये टाका. 1 ऑक्टोबर 2025 पासून बिगरसरकारी सभासदांना 100 टक्के शेअर्सची योजनाही घेता येते. पण एनपीएसच्या शेअर्सच्या फंडात मोठमोठ्या बँकांचे शेअर्स भरपूर असतात. बँकेची कमाई कशाची, हे सांगायला नकोच. शरियतच्या कसोटीवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड आपल्याकडे आहेत, पण ते एनपीएसच्या बाहेर. आणि 58 व्या वर्षी सगळा पैसा शेअर्समध्ये असताना बाजार पडला, तर सावरायला वेळ कुठून आणायचा?

रोख्यांबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘निश्चित उत्पन्न’ हे शब्द ऐकून लोकांना बँकेची एफडी आठवते. एनपीएसमध्ये तसं नसतं, तिथे रोख्याची किंमत रोज बाजारभावाने मांडली जाते. समजा, 1000 रुपयांचा रोखा 7 टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला 70 रुपये देणारा. उद्या बाजारात 8 टक्क्यांचे नवे रोखे आले, तर जुना 1000 ला कोण घेईल? त्याची एक वर्षाची मुदत उरली असेल तर किंमत साधारण 991 होते, दहा वर्षं उरली असतील तर 933, आणि तीस वर्षं उरली असतील तर 887. सरकार पैसे बुडवत नाही हे खरंच, पण ऐन निवृत्तीच्या वर्षी दर चढले तर स्टेटमेंटवरचा आकडा उतरलेला दिसू शकतो. एनपीएसच्या सरकारी रोख्यांच्या फंडात लांब मुदतीचे रोखे बरेच असतात, म्हणून हे सांगितलं. दर उतरले की हाच हिशेब उलटा चालतो आणि आकडा वाढतो.

कंपन्यांच्या रोख्यांत थोडं जास्त मिळतं, ते जास्तीच्या धोक्यापोटी. 2018 साली आयएल अँड एफएसला सर्वांत वरचं ‘एएए’ मानांकन होतं. काही आठवड्यांत ती कंपनी देणी चुकवू लागली आणि अनेक प्रॉव्हिडंट फंडांचे पैसे अडकले. जे रोखे घेणार आहेत, त्यांनी पन्नाशीनंतर हा हिस्सा छोटा ठेवावा, असं आमचं मत आहे. अर्ध्या-एक टक्क्यासाठी म्हातारपणाची झोप घालवण्यात अर्थ नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. एनपीएस नको वाटलं म्हणून ‘हलाल नफा’ सांगणाऱ्या कुणाच्याही हाती पुंजी देऊ नका. 2019 साली बंगळुरूत अशीच एक कंपनी कोसळली. हजारो मुस्लिम कुटुंबांनी दागिने मोडून, मुलींच्या लग्नाचे पैसे काढून तिच्यात टाकले होते. दरमहा ठरलेला मोठा नफा, तोही तोट्याचा धोका न घेता, ही तर सूदचीच खूण झाली. दारावरच्या पाटीत अरबी शब्द आल्याने ती बदलत नाही.

बिगरसरकारी सभासदांना ‘ऑटो’ सोडून स्वतः हिस्से ठरवता येतात, आणि आर्थिक वर्षात चार वेळा बदलताही येतात. ही निवड एकट्याने करू नये, घरात बसून करावी, कारण त्या पैशावर बीवीचंही म्हातारपण अवलंबून असतं. मुफ्ती साहेबांकडे जाताना नुसतं “एनपीएस जायज आहे का?” एवढं विचारून परत येऊ नका. खात्याचं स्टेटमेंट सोबत न्या. पैसा सक्तीचा आहे की मर्जीचा, शेअर्स किती, सरकारी रोखे किती, कंपन्यांचे किती, हे त्यांच्यापुढे ठेवा. साठीला त्यातला काही हिस्सा विमा कंपनीला देऊन महिन्याची पेन्शन घ्यावी लागते, त्याचंही विचारून घ्या, हा मसला वेगळा आहे. रोख्यांवरची वाढ सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकायची असेल, तर ती किती, हे याच स्टेटमेंटच्या आधारे वर्षाच्या वर्षाला लिहून ठेवा. वीस वर्षांचा हिशेब एकदम काढायला बसलं, तर तो लागत नाही.