दहा वर्षांच्या वाचकाला मचव्यात बसवा

महाराष्ट्रातली मुलं चौथीत शिवछत्रपती शिकतात. त्यानंतर मराठ्यांचा इतिहास त्यांना पुन्हा भेटतो तो थेट सातवीत. मधली दोन-तीन वर्षं वाचनाच्या दृष्टीनं सगळ्यात भुकेची असतात. अलिबाग तालुक्यातल्या एका शाळेत मी याच वर्गांना इतिहास शिकवते. वाचनालयाच्या तासाला या वयाची मुलं माझ्याकडे ठरलेली मागणी घेऊन येतात, ‘बाई, लढाईची गोष्ट द्या, पण मोठी.’ कपाट उघडलं की एका बाजूला रंगीत चित्रांची पातळ चरित्रं असतात. ती त्यांनी तिसरीतच संपवलेली असतात. दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या कादंबऱ्या, ज्यांत खलिते आणि दरबारातली बोलणी पानंच्या पानं चालतात. मधला कप्पा जवळपास रिकामा आहे, आणि तो रिकामा राहणं मला मुलांवरचा अन्याय वाटतो.

या वयासाठी मराठीत भरघोस ऐतिहासिक साहसकथा लिहिली गेली पाहिजे. तिचा नायक मात्र राजा किंवा सरदार नको. त्या काळातली एखादी कल्पित मुलगी किंवा मुलगा हवा, जो खऱ्या घटनेत सापडतो आणि आपल्या अंगच्या हुशारीवर तिच्यातून वाट काढतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सननं 1886 साली ‘किडनॅप्ड’ लिहिली तेव्हा हेच केलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात 1752 साली झालेला एक खरा खून त्यानं घेतला आणि डेव्हिड बाल्फर नावाचा पोरका मुलगा त्या जागी आणून उभा केला. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला नायक करून दाखवलंच होतं की साध्या घरातला किडकिडीत पोरगा मुलांना किती जवळचा वाटतो. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांतही सामान्य माणसंच पुढे असतात, पण त्यांची भाषा पेलायला दहाव्या-अकराव्या वर्षी बहुतेकांना जड जाते.

विषय कुठे शोधायचे, असा प्रश्न कुणी विचारला तर मी त्याला थळच्या किनाऱ्यावर नेईन. समोर दोन टेकड्यांचं खांदेरी दिसतं आणि त्याच्या अलीकडे बुटकं उंदेरी. 1679 च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेला नसताना, शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी, त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज हादरले. त्यांनी नाकेबंदीसाठी जहाजं पाठवली. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या मराठी आरमारानं त्यांच्यावर हल्ला केला आणि ‘डव्ह’ नावाची त्यांची गुराब पकडली. पण ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज एकटं लढत राहिलं आणि आपल्या नावांना नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरावं लागलं.

गोष्ट इथे संपत नाही, किंबहुना मुलांच्या कामाची गोष्ट इथे सुरू होते. इंग्रजांच्या जड जहाजांना वारा लागे, खोल पाणी लागे. आपल्या हलक्या नावा वल्ह्यांवर चालत. त्या अंधाराचा फायदा घेऊन, उथळ पाण्यातून नाकेबंदीला चुकवत बेटावर रसद पोचवत राहिल्या. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून माघार घेतली. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, म्हणजे संकट गेलंच नाही, त्यानं फक्त जागा बदलली.

आता त्या रात्रीच्या मचव्यात थळची एक कोळ्याची पोर बसवा. तिला बंदूक चालवता यायची गरज नाही. तिला भरतीचं गणित येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हे आमच्या किनाऱ्यावरची जुनी माणसं आजही तोंडी सांगतात. भांगाच्या दिवसांत पाणी कमी हलतं, उधाणाला ओढ वाढते, कुठला खडक कधी बुडतो, हे तिला ठाऊक आहे आणि ‘रिव्हेंज’च्या कप्तानाला नाही. कथेतली सगळी उत्कंठा एवढ्यावर उभी राहू शकते. मी हा प्रसंग वर्गात सांगते तेव्हा मुलं जे विचारतात ते ऐकण्यासारखं असतं. आगकाडी नव्हती तर विस्तव कसा नेला? बेटावर चूल पेटवली तर जहाजावरून उजेड दिसणार नाही का? होडीत कुणी खोकलं तर? अशा प्रश्नांची उत्तरं शोधत बसणारा लेखक मला हवा आहे. त्याच्या पात्रांच्या जेवणात टोमॅटो आणि बटाट्याची भाजी येणार नाही.

महाराज स्वतः बेटावर नव्हते, आणि कथेसाठी हे फार मोलाचं आहे. त्यांच्या तोंडी कल्पित संवाद घालायचा प्रसंगच येत नाही. त्यांचा हुकूम येतो, त्या हुकमाचं वजन सगळ्यांच्या चालण्याबोलण्यात जाणवतं. थोर पुरुषांवर लिहिताना वाद होतील या धास्तीनं लेखक आणि प्रकाशक हात आखडता घेतात. ती धास्ती खोटी नाही. पण कल्पित मूल केंद्रस्थानी ठेवलं की आदरही राहतो आणि लिहिणाऱ्याला मोकळा श्वासही मिळतो.

शत्रूही माणूसच दिसला पाहिजे, असं माझं आग्रहाचं मत आहे. घरापासून हजारो कोस दूर आलेला, पगारासाठी तोफेमागे उभा राहिलेला इंग्रज खलाशी मूर्ख किंवा राक्षस दाखवला तर त्याला चुकवण्यात शौर्य ते काय उरलं? दौलतखान आपल्या बाजूला होता आणि सिद्दी समोर, हे नीट सांगितलं की धर्मावरून बाजू ठरवण्याची सवय लागण्याआधीच मुलाला खरं चित्र दिसतं. ऑक्टोबरच्या लढाईत आपल्या नावा मागे फिरल्या, हेही लपवू नये. मागे फिरलेले लोक पुन्हा रात्री रसद घेऊन निघाले, ही गोष्ट विजयाच्या घोषणेपेक्षा मुलांना जास्त काळ पुरते.

आणि शेवटी दोन पानांचं टिपण हवंच: यातलं खरं काय, रचलेलं काय. स्टीव्हन्सननं खुनाचं साल एक वर्ष मागे ओढलं, पण अर्पणपत्रिकेत त्याचा उल्लेख करून ठेवला. आपल्याकडे दंतकथा, पोवाडा आणि दप्तर यांची सरमिसळ होऊन मुलांपर्यंत सगळं ‘इतिहास’ म्हणून पोचतं. अकरा वर्षांच्या मुलीला ‘ही होडीतली मुलगी मी कल्पिली, ते जहाज मात्र खरं होतं’ असं सांगितलं तर तिचा रस कमी होत नाही. ती लगेच विचारते, जहाज खरं होतं हे कुणी लिहून ठेवलं? साधनांची तोंडओळख इथून होते.

साधनांची उणीवही नाही. इंग्रजांच्या पत्रव्यवहारातले शिवकालाविषयीचे उतारे ‘इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी’ या नावानं पुण्यातून 1931 सालीच छापले गेले. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. सत्कार झाले, फलक लागले. त्या बारांपैकी प्रत्येकावर मुलांसाठी एक दमदार कादंबरी प्रकाशकांनी लिहवून घ्यावी. लेखकाला वर्षभराचं मानधन द्यावं, मजकूर इतिहासाच्या अभ्यासकाकडून तपासून घ्यावा, टाइप मोठा ठेवावा आणि किंमत जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडेल एवढी. खांदेरीच्या पुस्तकात सुरुवातीलाच नकाशा द्यावा, त्यात खोल पाणी, उथळ पाणी आणि खडक चोख दाखवावेत. माझ्या वर्गात कोळीवाड्यातली मुलं आहेत, ती सगळ्यात आधी तेच तपासतील.