पेटीत ठेवलेले सुख

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत घरोघरच्या जुन्या लोखंडी पेट्या उघडल्या जातात. गाद्या-वाकळी उन्हात पडतात, पितळेची भांडी चिंचेने उजळतात आणि पेटीच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षभर निजलेली एखादी साडी, एखादी शाल, न वापरलेल्या कपबशांचा एखादा संच बाहेर येतो. सारे जण त्याकडे क्षणभर पाहतात, 'किती छान आहे' असे म्हणतात आणि पुन्हा ते होते तेथे ठेवून देतात. वाशीम जिल्ह्यातील शिक्षकाचे घर घ्या, कारकुनाचे घ्या, की चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीवर भागविणाऱ्या कास्तकाराचे घ्या. चांगली वस्तू वापरण्यासाठी नसून जपण्यासाठी असते, ही समजूत सर्वत्र सारखीच आढळते. या समजुतीचा थोडा विचार व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्याही घरातील पेटीत लाल काठांची एक हिरवी रेशमी साडी होती. आईने ती दोन-तीनदाच नेसली असेल. पुढे एखादा चांगला प्रसंग येईल तेव्हा नेसू, असे ती म्हणे. प्रसंग येत गेले, पण प्रत्येक वेळी तो त्या साडीच्या मानाने तिला लहानच वाटला. मग वडील गेले. त्यानंतर मोठे म्हणावेत असे प्रसंगही घरात आले; परंतु तोवर हिरवा रंग नेसण्याची मुभा समाजाने तिच्यापाशी ठेवली नव्हती आणि तिच्या मनानेही ती मागितली नाही. तिच्या पश्चात आम्ही साडी उलगडली तेव्हा घडीच्या रेषेवर रेशीम चिरत गेले होते. ही काही जगावेगळी कहाणी नव्हे. अशा साड्या असंख्य घरांत असतील. परंतु आपल्या गृहजीवनातील दोन चुका या एका साडीत एकत्र आलेल्या मला दिसतात. सुख पुढे ढकलीत राहणे, ही पहिली. आणि ते सुख कोणाच्या वाट्याला यावे हे दुसऱ्यांनीच ठरविणे, ही दुसरी.

ज्या भूमीत ही वृत्ती आज इतकी मुरलेली दिसते, त्या भूमीचा पूर्वेतिहास मात्र निराळा आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकात कोरविले. अजिंठ्याची चित्रे पाहणारा प्रवासी बहुधा बुद्धचरित्र आणि जातककथा पाहून परततो. पण त्याच चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे, लोड-तक्के आणि केसांत फुले माळणाऱ्या स्त्रियाही आहेत. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या भिंतींवर त्या कलावंतांनी संसारातील ही साधी शोभा मोठ्या आस्थेने रंगविली. शिवाय ते रंग तरी कोठले? निळ्या रंगासाठी लागणारा मौल्यवान दगड परमुलखातून येई, हे खरे. बाकीचा बहुतेक संसार गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी यांवरच उभा आहे. यांतली एकही वस्तू आपल्या आजीच्या घरात दुर्मिळ नव्हती.

याच वत्सगुल्माची एक कथा राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, प्रत्येक देशात निराळा वेष धारण करते आणि तेथील स्त्रिया तिचे अनुकरण करतात. अखेर विदर्भात, मदनाचे क्रीडास्थान मानल्या गेलेल्या वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचे लग्न लागते. कथा अर्थातच काल्पनिक आहे. पण तिच्यातील एक विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. वेषाची मांडणी, हावभावांची मांडणी आणि शब्दांची मांडणी या तीन गोष्टी राजशेखराने एकाच पंक्तीत बसविल्या. माणूस कसा बोलतो याला जेवढे महत्त्व, तेवढेच तो वस्त्र कसे ल्यायला आहे याला. आणि या विचाराची सांगता करण्यासाठी त्याला आपले वाशीम आठवले. वाशीमकरांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

हा वारसा ग्रंथांत आणि लेण्यांत गोठून राहिला होता असेही नाही. वऱ्हाडातील जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगण्याची गरज नाही. बाहेरून ते घर मातीचा ढिगारा वाटे. आत पाऊल टाकले की शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायाला जाणवे. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीला खालून गेरूचा पट्टा असे, कोनाड्याभोवती बोटांनी काढलेली नक्षी असे, दारात सडा आणि रांगोळी असे. फाटक्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या वाकळीत कोणता रंग कोणाशेजारी बसवायचा हे घरातील बाई निश्चित जाणत होती. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगत, त्याच्या पाठीवर झूल चढे. फाल्गुनात पळसाची फुले उकळून रंग होई. या कशालाच फारसा पैसा लागत नव्हता. लागे तो वेळ, हात आणि आवड.

याहूनही ठळक उदाहरण या जिल्ह्यातील तांड्यांचे आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजातील स्त्रियांचा फेटिया, कांचळी, डोईवरील छांटिया, त्यांवरील आरसे, कवड्या आणि भरतकाम आपण सर्वांनी पाहिले आहे. पण एक गोष्ट आपल्या पांढरपेशा नजरेतून निसटली. हा पेहराव केवळ सणाचा नव्हता. बैलांच्या तांड्याबरोबर चालताना, शेतात निंदताना, सरपणाची मोळी आणताना अंगावर तोच असे. ज्यांच्या वाट्याला सर्वांत अधिक कष्ट आले, त्यांनी रंग उद्यावर टाकला नाही. उलट जे त्यांच्याहून कितीतरी सुस्थितीत होते, ते शिकलेले लोक फिकट कपड्यांत वावरत राहिले आणि त्या रंगांना गावंढळ म्हणत राहिले. आज तांड्यातील तरुण मुलींनीही तो वेष बहुतांशी सोडला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वारशाचा सन्मान झाला, याचा आनंदच आहे. मात्र जी शोभा रोजच्या अंगावर होती ती आता पाहायला जाण्याची गोष्ट होऊ लागली, याची खंतही वाटते.

येथे काही आक्षेप संभवतात, आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला आक्षेप साधेपणाचा. साधी राहणी हे आपल्या मध्यमवर्गाचे ब्रीद. त्यात रंगरूपाचे कौतुक कशाला? परंतु साधेपणा म्हणजे रंगहीनता, हे समीकरण कोणी मांडले? गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास गेले. तेथील बापू कुटीपेक्षा साधे घर दाखविणे कठीण. तरीही तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहावयास मिळतात. त्या भिंतीला त्यांची गरज नव्हती. राहणाऱ्यांच्या मनाला होती. साधेपणा अनावश्यकाचा त्याग करतो, पण आवडीचा करीत नाही. हा भेद आपण विसरलो आणि आळसाला व उदासीनतेलाही साधेपणाचे नाव देऊ लागलो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होते. २०१८ मध्ये देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून जी यादी झाली, तीतही वाशीम होते. अशा ठिकाणी भिंतीचा रंग आणि साडीचा काठ यांवर लिहिणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? थट्टा झाली असती, जर मी खर्च वाढवा असे सुचविले असते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. आपण सुखावर खर्च करीत नाही असे नाही. आपण तो एका दिवसात करतो. लग्नाचा मांडव, रोषणाई, पंगती, आहेर यांसाठी कर्ज काढताना ज्याचा हात थरथरत नाही, तोच गृहस्थ घरातील बाज विणून घेण्यास चार वर्षे टाळाटाळ करतो. एक दिवसाचा डामडौल आणि उरलेल्या वर्षाचा उदासपणा, असा हा व्यवहार आहे. तो डामडौल पाहुण्यांसाठी असतो. घरच्यांच्या वाट्याला येतो तो हप्ता. रोजच्या लहान सुखाने कोणी कर्जबाजारी झाल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी अडचण बाजारपेठेची. अलीकडे घरे सजू लागली आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु सजावट म्हणजे खरेदी, अशी नवी समजूत तिच्याबरोबर आली. रिसोडचे दिवाणखाने आणि मंगरूळपीरचे दिवाणखाने आता एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. तीच प्लास्टिकची फुले, तेच चकचकीत सोफे, आणि त्यांवरील पारदर्शक वेष्टन तर कधी काढलेलेच नसते. पेटीतून बाहेर आलेले सुख पुन्हा वेष्टनात अडकले. स्वतःची आवड ही विकत मिळत नाही. ती आपणच ओळखावी लागते आणि थोडी जोपासावी लागते.

शिक्षकबंधूंना येथे शासनाचा नियम आठवेल. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या. जीन्स, टी-शर्ट, गडद रंगाचे वा चित्रविचित्र नक्षीचे कपडे शाळेत नकोत, असा त्यांचा आशय होता. शाळेत पोशाख नीटनेटका असावा, याविषयी दुमत नाही. परंतु नीटनेटकेपणा आणि निरुत्साह या वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीलाही कोपऱ्यात चार फुले काढणारे मूल आपल्या शिक्षकाकडून केवळ गणित शिकत नसते. स्वच्छ धुतलेला, शोभेल अशा रंगाचा सदरा आणि वर्गाच्या भिंतीवर मुलांनीच गेरूने काढलेला वेल, हाही एक पाठच असतो.

आता त्या दुसऱ्या चुकीकडे वळतो, कारण ती पहिलीपेक्षा मोठी आहे. रंगाचा आनंद हा घरातील प्रत्येकाचा वाटा आहे असे आपण म्हणतो आणि नवरा गेलेल्या स्त्रीच्या हातातील बांगड्या फोडतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवांवर लादल्या जाणाऱ्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे सांगितले. ठरावाने आणि परिपत्रकाने अर्धे काम होते. उरलेले अर्धे घराच्या उंबऱ्याच्या आतले आहे. आत्महत्येने घरधनी गमावलेल्या किती तरुण स्त्रिया या जिल्ह्यात शेत सांभाळतात, मुले शिकवितात, कर्ज फेडतात! संसाराचा सगळा भार त्यांनी उचलायचा आणि कपाळावरील टिकलीसाठी मात्र चारचौघांच्या नजरा सोसायच्या, हा कोणता न्याय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचे की नाही, हे कोणतेही सरकार ठरवीत नाही. ते आपल्या आया-बहिणी, आपल्या पत्नी आणि आपण स्वतः ठरवितो.

म्हणून येत्या दिवाळीत पेटी उघडाल तेव्हा एवढेच करावे. चांगल्या कपबशा स्वयंपाकघरातील फळीवर मांडाव्यात आणि सकाळचा चहा त्यांतूनच घ्यावा. एखादी फुटेलही. वापरात फुटलेला कप हा न वापरता जुन्या झालेल्या संचापेक्षा कमी नुकसानीचा, हा हिशेब कारकुनी करणाऱ्यांस सांगायला नको. एखादी भिंत घरातील मुलांच्या स्वाधीन करावी. आणि घरात आई, बहीण, वहिनी असेल, जिने कोणाच्या तरी जाण्यानंतर रंग बाजूला ठेवला असेल, तर पेटीतील साडी तिच्या हाती द्यावी. ती कदाचित नको म्हणेल. तरीही एकदा, मनापासून, विचारावे. आमच्या घरी ते विचारायचे राहून गेले.