कामाच्या दिवसाची सम

सांप्रत घरोघरीं तरुण मंडळी कानांत यंत्र घालून कामाला बसलेली दिसते, आणि वडील माणसें तें आळसाचें लक्षण समजतात. आमचें मत निराळें आहे. कामाबरोबर गाणें असणें हा दोष नव्हे. गाणें कोणतें निवडावें, हा मात्र विचाराचा प्रश्न आहे. कांहीं तरुण तर दिवस निभावून नेण्यासाठीं अमेरिकेंतील 'सोल' व 'फंक' ह्या प्रकारांच्या जुन्या गाण्यांची यादीच करून ठेवतात. नांवें ऐकून बिचकण्याचें कारण नाहीं. त्या गाण्यांची रीत आपल्या जात्यापासून फार दूर नाहीं.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पूर्वज गुलामगिरींत शेतांवर राबत. एकानें ओळ म्हणावी, इतरांनीं तिला उत्तर द्यावें आणि त्या ठेक्यावर कुदळ चालावी, अशी त्यांची रीत होती. तीच पुढें त्यांच्या प्रार्थनामंदिरांत रंगली, आणि तेथून 'सोल' गायन निघालें. डेट्रॉइट शहरांत १९५९ सालीं 'मोटाउन'चा उद्योग उभारणारा बेरी गॉर्डी त्यापूर्वीं मोटारींच्या कारखान्यांत मजुरी करी, आणि हात चालू असतां मनांत चाली जुळवी. १९६५ च्या सुमारास जेम्स ब्राउन ह्यानें पहिल्या मात्रेवर सर्व वाद्यांचा भार टाकण्याची पद्धत रूढ केली. तेंच 'फंक'चें बीज. तबल्याची साथ ऐकलेल्यांस निराळें सांगावयास नको, कीं ही आपली समच होय. मध्यें कितीही आडवळणें घेतलीं तरी समेवर यावयाचें आहे, हा भरंवसा असला म्हणजे श्रम हलका होतो.

जात्यावरच्या ओवीचें मर्म हेंच. तिची लय जात्याच्या फेऱ्याशीं बांधलेली असे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं १९८० नंतर आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. गावांत पिठाची गिरणी आली, जातें थांबलें, आणि ओवीचें कामच सुटलें. तरी कष्टाला सूर हवा ही भूक राहिलीच. भातसानगराकडून आसनगावास येऊन मुंबईची लोकल धरणाऱ्यांस गाडींतील भजनी मंडळें परिचित आहेत.

आतां यादी कशी करावी? लंडनच्या बी. बी. सी.नें जून १९४० मध्यें, ऐन महायुद्धांत, कारखान्यांतील कामगारांसाठीं संगीताचा कार्यक्रम सुरू केला. सकाळीं व दुपारीं अर्धा-अर्धा तास. चाली परिचित असाव्यात आणि आवाज सारखा असावा, असा नियम होता. एका गाण्यांत टाळ्यांच्या जागा होत्या; कामगार हातांतलें हत्यार ठेवून टाळ्या देतील म्हणून तें वगळण्यांत आलें. ह्यावरून धडा असा, कीं कामाचें गाणें जुनें व ओळखीचें असावें. त्यानें हात चालवावा, लक्ष ओढूं नये. वाचन, लेखन वा हिशेब असेल तेव्हां शब्दांविना केवळ वाद्यें बरीं, कारण गाण्याचे शब्द व कागदावरचे शब्द एकमेकांशीं भांडतात. हात यंत्रवत् चालत असतां शब्दांचें गाणें चालेल. जेवणानंतर डोळे जड होतात, त्या तासाला ठसक्याचा ठेका ठेवावा. आणि दिवसांतून एक तास कान मोकळे ठेवावेत.

एका बाबतींत मात्र जातें श्रेष्ठ होतें. जात्याला बहुधा दोघी बसत; एकीच्या ओवीला ऐकणारी समोर असे, आणि माहेरची आठवण किंवा सासरचें दुःख, जें दिवसां बोलतां येत नसे, तें पहांटे तिला कळे. कानांत यंत्र घालून बसलेल्याच्या समोर कोणीच नसतें. त्याचें गाणें घरांत कोणास ठाऊक नाहीं, आणि घरांतल्या आजींना येणाऱ्या ओव्या त्याला ठाऊक नाहींत.

म्हणून आमची सूचना एवढीच. तरुणांनीं आठवड्यांतून एकदां आपली यादी माजघरांत सर्वांसमक्ष लावावी, आणि वडिलांनीं ती नाक न मुरडतां ऐकावी. मग आजींकडून त्यांना आठवतील त्या चार ओव्या म्हणवून त्याच भ्रमणध्वनींत उतरवून घ्याव्यात आणि त्याच यादींत घालाव्यात. जेम्स ब्राउनचीं गाणीं जगांत कोठेंही मिळतील. आजींची ओवी मात्र त्यांच्याच कंठांत आहे, तोंवर ती मागून घेतली पाहिजे.