शेवाळ चालेल, पण आकडा दाखवा

वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या दुकानांत हल्ली सनस्क्रीनच्या गर्दीत समुद्रशेवाळाचं चित्र असलेल्या ट्यूबा दिसतात. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आपला विश्वास चटकन बसतो. माझं म्हणणं एवढंच, की तो चित्रावर नको, चाचणीवर बसावा.

शेवाळात गुण आहे, यात वाद नाही. पोर्फायरा हे तांबूस शेवाळ किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढतं आणि ओहोटीला तासन्‌तास उघड्या उन्हात पडून राहतं. त्या उन्हाशी टिकायला ते मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं तयार करतं. ही द्रव्यं अतिनील किरण शोषतात आणि उष्णतेच्या रूपात सोडून देतात. त्यातल्या एकाचं नाव पोर्फायरा-334, कारण 334 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण ते सर्वाधिक शोषतं. एका स्विस कंपनीने असा अर्क केव्हाच बाजारात आणलाय. आपल्या कोकणातही पावसाळ्यात पोर्फायरा उगवतं, आणि त्यातल्या पोर्फायरा-334 वरचा शोधनिबंध 2010 मध्ये छापून आला आहे.

मात्र 334 म्हणजे यूव्हीए. कातडी भाजणारे यूव्हीबी किरण 280 ते 315 नॅनोमीटरचे. तिथे हा अर्क कमी पडतो, मग झिंक ऑक्साइडसारखी जोड द्यावी लागते. म्हणजे चित्र शेवाळाचं आणि काम झिंकचं, असंही होऊ शकतं. शेवाळाचा वाटा किती, हे ट्यूबवर सहसा लिहिलेलं नसतं.

आता आपल्या रस्त्यांवर या. दुपारी उन्हात कोण असतं? टेम्पो रिकामा करणारे हमाल, डिलिव्हरीची पोरं, वाहतूक पोलीस. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून होते. या मापाने चेहरा आणि मानेला साधारण सव्वा ग्रॅम लागतं. घाम येतो, जोहरच्या वुजूला तोंड धुतलं जातं, क्रीम पुन्हा लावावं लागतं. दिवसात चार वेळा लावलं, तर 50 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. महिन्याला तीन ट्यूबा कुठल्या हमालाला परवडतील? त्याच्यासाठी आधी टोपी, गमछा आणि सावली, क्रीम त्यानंतर.

तरीही हे संशोधन व्हायला हवं. प्रवाळाला धोका म्हणून हवाईने 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. पर्याय लागणारच आहेत. पण कोकणातलं शेवाळ खडकांवरून ओरबाडू नका, जाळ्यांवर लावा. ते लावणाऱ्या-काढणाऱ्या बायांना रास्त दाम द्या. ट्यूबवर अर्काचं प्रमाण छापा, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींच्या चाचणीचे आकडे छापा.

एवढं केलंत आणि किंमत हमालाच्या खिशाला झेपेल अशी ठेवलीत, तर त्या चित्रावर मीही खुशाल विश्वास ठेवीन.